दाभोळचा स्थिर आकार : एका वीजखरेदी कराराचं प्रकरण

28 जानेवारी 2001 रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ पॉवर कंपनीला संच पूर्ण क्षमतेवर आणायला सांगितलं. त्यासाठी करारात तीन तासांची मुदत होती. कंपनीला ती जमली नाही, असं म्हणत मंडळाने तिच्यावर 401 कोटी रुपयांचा दंड लावला आणि तो तिच्या थकलेल्या बिलांतून वळता करून घेणार असल्याचं कळवलं. कंपनीने दंड अमान्य केला आणि बिलांच्या वसुलीसाठी थेट केंद्र सरकारची प्रतिहमी (राज्याने पैसे थकवले तर केंद्र देईल, अशी हमी) पुढे केली. वसंतात नोटिसांवर नोटिसा निघाल्या. मे महिन्यात मंडळाने करार रद्द केल्याचं जाहीर केलं आणि महिनाअखेरीस गुहागर तालुक्यातला हा प्रकल्प बंद पडला. तेव्हा त्याचा दुसरा टप्पा जवळजवळ बांधून झाला होता.

हे प्रकरण आपल्याकडे सांगितलं जातं ते एन्रॉनची बदमाशी आणि पुढाऱ्यांचे कोलांटीउडीचे किस्से म्हणून. दोन्ही खरं आहे, पण तेवढ्यावर थांबलं की एक गोष्ट नजरेतून सुटते. हाच प्रकल्प पुढे सरकारी कंपन्यांच्या हाती गेला आणि 2013 मध्ये पुन्हा बंद पडला. त्या वेळी ना एन्रॉन होती, ना डॉलरमधला परतावा, ना लंडनचा लवाद. भांडण मात्र तेच होतं : न घेतलेल्या विजेचे पैसे कोणी द्यायचे? म्हणून इथे मी दाभोळकडे घोटाळा म्हणून कमी आणि वीजबिल म्हणून जास्त बघणार आहे.

गॅस का, आणि कोकणातच का

1991 साली परकीय चलनाची तिजोरी रिकामी झाली होती. त्याच वर्षी केंद्राने कायद्यात बदल करून वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. राज्यांच्या वीज मंडळांकडे नवीन केंद्रं बांधायला पैसे नव्हते आणि उद्योगांना वीज हवी होती. जून 1992 मध्ये एन्रॉनची माणसं मुंबईत आली आणि थोड्याच दिवसांत, 20 जूनला, मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा नाही, दुसऱ्या कोणाचा देकार नाही. प्रकल्प साधारण 2,000 मेगावॅटचा, दोन टप्प्यांत. पहिला टप्पा सुमारे 700 मेगावॅटचा, तो आधी द्रव इंधनावर चालणार होता आणि दुसरा टप्पा उभा राहिला की सगळं आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर, म्हणजे एलएनजीवर जाणार होतं.

गॅसच्या बाजूने बोलणारे तेव्हा अगदीच चुकीचं बोलत नव्हते, हे मान्य करायला हवं. राज्याची कोळशाची मोठी केंद्रं विदर्भात, खाणींच्या जवळ. विजेची भूक मात्र मुंबई, ठाणे, पुण्याकडे. कंबाइंड सायकल पद्धतीच्या गॅस केंद्रात इंधनातली जवळपास निम्मी ऊर्जा विजेत उतरते, त्या काळच्या कोळसा केंद्रांत ती तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असे. राख नाही, धूर कमी, संच लवकर चालू-बंद करता येतात. एकाच इंधनावर सगळं राज्य टांगून ठेवू नये हा ऊर्जासुरक्षेचा मुद्दाही होताच.

आक्षेप घेतला तो जागतिक बँकेने. बँकेकडे कर्जासाठी प्रस्ताव गेला तेव्हा एप्रिल 1993 मध्ये तिने कळवलं की प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही. प्रकल्प गरजेपेक्षा मोठा आहे, एलएनजी महाग आहे आणि हे केंद्र रात्रंदिवस चालवायचं झालं तर मंडळाला स्वतःची स्वस्त कोळसा केंद्रं कमी चालवावी लागतील, असं तिचं म्हणणं होतं. महाराष्ट्राची खरी अडचण संध्याकाळच्या काही तासांची होती. त्या तासांसाठी कोयनेचं पाणी आणि थोडी जास्तीची क्षमता पुरेशी ठरली असती; चोवीस तास पैसे मोजायला लावणारं केंद्र त्यावरचा उपाय नव्हता. खासगीकरणाची तरफदारी करणाऱ्या बँकेनेच हे सांगितलं होतं. ते ऐकलं गेलं नाही. 8 डिसेंबर 1993 रोजी वीजखरेदी करार झाला, मुदत 20 वर्षं. करारातला मजकूर लोकांना बघायला मिळत नव्हता. तो गोपनीय होता.

बिलाचे दोन भाग

या प्रकरणाचं मर्म करारातल्या बिलाच्या रचनेत आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

अशा करारात बिलाचे दोन भाग असतात. एक स्थिर आकार, म्हणजे भांडवल, कर्ज, परतावा, देखभाल यांचा खर्च. दुसरा ऊर्जा आकार, म्हणजे मुख्यतः इंधनाचा खर्च. केंद्र चालायला सज्ज आहे असं कंपनीने जाहीर केलं की स्थिर आकार देणं मंडळावर बंधनकारक. वीज घ्या नाहीतर घेऊ नका. मंगल कार्यालय ठरवल्यावर पाहुणे पन्नास आले काय आणि पाचशे आले काय, भाडं तेवढंच, तसा हा प्रकार.

यातली पद्धत दाभोळची खास नाही. एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीजकंपनीची केंद्रंही अशाच दोन भागांच्या दरावर चालतात आणि त्यात तत्त्वतः गैर काही नाही; कोणीतरी क्षमता तयार ठेवायची तर तिचा खर्च भरून यायला हवा. दाभोळमध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या. स्थिर आकाराचा मोठा हिस्सा डॉलरशी बांधलेला होता. इंधनाचा सगळा खर्च जसाच्या तसा मंडळाकडे जाणार होता. आणि सज्जतेचं प्रमाण 90 टक्के धरलेलं होतं, म्हणजे केंद्र जवळपास वर्षभर पूर्ण भाराने चालेल अशा हिशेबावर युनिटचा दर काढून लोकांपुढे ठेवला गेला.

1993 मध्ये डॉलर साधारण 31 रुपयांना होता, 2001 मध्ये 47 च्या आसपास. कच्चं तेल 1998-99 मध्ये पिंपाला 10-12 डॉलरपर्यंत उतरलं होतं, ते 2000 मध्ये 30 डॉलरच्या वर गेलं. पहिल्या टप्प्याचं द्रव इंधन म्हणजे नाफ्था, आणि त्याचा भाव तेलाच्या मागे जातो. म्हणजे विनिमय दर बदलला, भार मंडळावर. इंधन महागलं, भार मंडळावर. मागणीचा अंदाज चुकला आणि वीज कमी लागली, तरी भार मंडळावर. कंपनीकडे धोका उरला तो मुख्यतः केंद्र बांधण्याचा आणि नीट चालवण्याचा. 28 जानेवारीच्या त्या तीन तासांवर मंडळाने इतका जोर का दिला, ते यावरून कळतं. अख्ख्या करारात कंपनीला अडकवता येईल अशी बोटावर मोजण्याइतकी कलमं होती, त्यातलं ते एक.

आता एक साधा हिशेब. समजा 90 टक्के वापरावर स्थिर आकार युनिटमागे 1 रुपया पडतो. वापर 45 टक्क्यांवर आला की तोच 2 रुपये होतो, 30 टक्क्यांवर आला की 3. युनिट महाग म्हणून वीज कमी घ्यायची आणि कमी घेतली म्हणून युनिट आणखी महाग, असं हे चक्र. त्यात वीज नियामक आयोगाचा मेरिट ऑर्डरचा नियम आला : ज्याचा ऊर्जा आकार कमी, त्याची वीज आधी. नाफ्थावरचं दाभोळ साहजिकच रांगेत शेवटी. पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला होता आणि 2000 सालच्या काही महिन्यांत दाभोळचं युनिट 7 रुपयांच्या पुढे गेलं. फेरवाटाघाटीनंतर जनतेला सांगितलेला आकडा 1.86 रुपये होता.

बुडवलेला प्रकल्प वर येतो

राजकारण वाचकांना तोंडपाठ आहे, तेव्हा भराभर सांगतो. करार झाला तेव्हा राज्यात शरद पवारांचं काँग्रेस सरकार होतं. 1995 ची निवडणूक युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करून लढवली. गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अहवाल दिला आणि 3 ऑगस्ट 1995 रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशींनी विधानसभेत प्रकल्प रद्द झाल्याचं सांगितलं. एन्रॉन लंडनच्या लवादात गेली, तिच्या रिबेका मार्क मातोश्रीवर बाळासाहेब ठाकरेंना भेटल्या आणि जानेवारी 1996 मध्ये प्रकल्प परत आला. येताना मोठा होऊन आला : 2,184 मेगावॅट. पहिल्या करारात दुसरा टप्पा मंडळाच्या मर्जीवर होता, तो आता पक्का झाला. केंद्राच्या प्रतिहमीवर शिक्का मारला तो अटलबिहारी वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने, जाता जाता. एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं की भारतात 'शिक्षणा'वर आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने 2 कोटी डॉलर खर्च केले. कोण काय शिकलं, याचा हिशेब कोणीच मागितला नाही.

फेरवाटाघाटीत दर कमी झाला असं सांगितलं गेलं. पण कमी झाला तो भांडवली खर्चाचा आकडा आणि गृहीत धरलेले भाव. धोके कोणी सोसायचे हे कलम जिथल्या तिथे राहिलं. माझ्या मते 1995-96 मधली सगळ्यात महाग चूक हीच. मंडळाच्या हातात त्या वेळी पत्ते होते. त्यांतून मागायला हवं होतं ते रुपयातलं बिल आणि छोटा प्रकल्प. घेतला तो कागदावरचा कमी दर.

पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने तेव्हाच आकडेमोड करून हे दाखवलं होतं. गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम आज वाचलं तरी ताजं वाटतं, कारण त्यात शिव्या कमी आणि तक्ते जास्त आहेत.

गुहागरात मात्र हा वाद तक्त्यांचा नव्हता. नाव दाभोळचं असलं तरी दाभोळ गाव वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे, अंजनवेल-वेलदूरच्या सड्यावर. वेलदूर मच्छीमारांचं गाव. समुद्रात सोडलं जाणारं गरम पाणी, मासळी, पिण्याच्या पाण्याचा तुटवडा, संपादनात गेलेल्या जमिनी आणि आंब्याची कलमं हे त्यांचे प्रश्न होते. 3 जून 1997 च्या पहाटे पोलीस वेलदूरमध्ये शिरले. बहुतेक पुरुष मासेमारीला गेलेले. बायकांना घरांतून ओढून काढून मारहाण झाली, अटका झाल्या. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या दोन्ही संस्थांनी या काळातल्या पोलिसी अत्याचारांवर अहवाल लिहिले. युतीचं सरकार तेच, ज्याने दोन वर्षांपूर्वी प्रकल्प बुडवायचं वचन दिलं होतं. 'राष्ट्राच्या ऊर्जासुरक्षेसाठी' हे शब्द आजही कोणत्या गावात उच्चारले गेले की मला वेलदूर आठवतं.

गळती : घरातली गोष्ट

सगळा दोष करारावर ढकलणंही सोयीचं आहे. वीज मंडळ अनेक वर्षं आपली वितरण हानी 15 ते 18 टक्क्यांच्या दरम्यान दाखवत होतं. नियामक आयोग आला, पहिल्या दरवाढीची जाहीर सुनावणी झाली, ग्राहक संघटनांनी आकडे उलगडून मागितले आणि 2000 सालच्या आदेशापर्यंत मान्य करावं लागलं की हानी 30 टक्क्यांच्या पुढे आहे. बिनमीटरच्या शेतीपंपांच्या नावावर बरीच चोरी आणि गळती लपवली जात होती. ज्या संस्थेला आपली वीज कुठे जाते हे ठाऊक नाही, तिने वीस वर्षांची मागणी डॉलरमध्ये कबूल केली होती. करार चांगला असता तरी मंडळ त्याचे पैसे वसूल करू शकलं असतं का, याबद्दल मला दाट शंका आहे.

2001 मध्ये राज्याने नेमलेल्या माधव गोडबोले समितीनेही फक्त कंपनीकडे बोट दाखवलं नाही. निर्णयप्रक्रियेतल्या प्रत्येक पायरीवर कारभार कोसळल्याचं तिने नोंदवलं, फेरवाटाघाटी सुचवल्या, न्यायालयीन चौकशीची शिफारस केली. डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. चौकशीचं घोंगडं पुढे भिजत पडलं. इतका काळ लोटल्यावर आता काही उपयोग नाही म्हणून 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विषय बंद केला.

दुसरा जन्म, तेच दुखणं

2005 मध्ये एनटीपीसी, गेल ही सरकारी गॅस कंपनी, भारतीय बँका आणि राज्याची वीज कंपनी यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली आणि प्रकल्प ताब्यात घेतला. त्याच वर्षी वीज मंडळाचेही तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण झाल्या. दाभोळची 95 टक्के वीज महावितरण घेणार असं ठरलं. टर्बाइनची पाती तुटण्यापासून अनेक दुखणी निघाली, ती दुरुस्त झाली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-6 क्षेत्राचा गॅस 2009 पासून मिळू लागला आणि दोनेक वर्षं केंद्र खरोखर चांगलं चाललं. स्वदेशी गॅस, रुपयातलं बिल, सरकारी मालक. ऊर्जासुरक्षेच्या व्याख्येत यापेक्षा जास्त काय बसवणार?

डी-6 चं उत्पादन 2010 मध्ये दिवसाला सुमारे 6 कोटी घनमीटर होतं. 2013 पर्यंत ते चौथ्या हिश्शावर आलं. जे होतं ते खत कारखान्यांना आधी. वीज केंद्रांच्या वाट्याला शून्य. देशभरातली हजारो मेगावॅटची गॅस केंद्रं बसली, त्यात दाभोळही.

मग रत्नागिरी गॅसने म्हटलं, आम्ही आयात गॅसवर वीज द्यायला सज्ज आहोत. महावितरणने म्हटलं, इतकी महाग वीज नको आणि आमच्या संमतीशिवाय आयात गॅसच्या आधारावर सज्जता जाहीर करता येणार नाही. कंपनी म्हणाली, वीज घेऊ नका, स्थिर आकार द्या. 2001 चीच ओळ, फक्त पात्रं बदललेली. केंद्रीय वीज नियामक आयोगाने 2013 मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, अपिलीय लवादाने तो उचलून धरला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही महावितरणचं अपील फेटाळलं. जी वीज तयारच झाली नाही तिच्या स्थिर आकाराची देणी दहा वर्षांनी ग्राहकांच्या हिशेबात येऊन बसली.

मधल्या काळात रेल्वेला सुमारे 500 मेगावॅट विकून केंद्राने काही वर्षं तग धरला. शेजारचं एलएनजी टर्मिनल वेगळ्या कंपनीकडे गेलं. त्याची क्षमता वर्षाला 50 लाख टन, पण लाटा अडवणारा ब्रेकवॉटर अर्धवट राहिल्याने पावसाळ्याचे महिने जहाजं लागत नसत आणि टर्मिनल अनेक वर्षं निम्म्याच्या आसपास क्षमतेवर भागवत राहिलं. आठ महिने चालणाऱ्या बंदरावर बारा महिन्यांची ऊर्जासुरक्षा उभी करायची होती. कोकणातला कुठलाही खलाशी पहिल्या बैठकीतच हे सांगू शकला असता.

आजच्या करारांकडे वळून

सध्याचा वाद कोळसा की सौर असा मांडला जातो. देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा 2025 मध्ये निम्म्यावर पोहोचला. प्रत्यक्ष विजेत मात्र त्या वर्षीही सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच होता. दोन्ही बाजू आपापला आकडा घेऊन भांडतात. दाभोळ वाचून झाल्यावर मला त्यात तिसराच प्रश्न दिसतो : बिलातले किती पैसे वीज न घेताही द्यावे लागतील, आणि इंधनाचा भाव कोणाच्या माथी?

या निकषावर सौर करार खरोखर वेगळे आहेत. पैसे मिळतात ते बनलेल्या युनिटचे, दर रुपयात, करारभर स्थिर, इंधन फुकट. महावितरणच्या 2024 च्या 6,600 मेगावॅटच्या एकत्रित निविदेत हा फरक एकाच कागदावर दिसला. सरासरी दर 4.08 रुपये. त्यातल्या 5,000 मेगावॅट सौर भागाचा दर 2.70 रुपये, 25 वर्षं तोच. 1,600 मेगावॅट औष्णिक भागाचा दर कोळशाच्या किमतीनुसार बदलणार. सरासरीचा आकडा बातमीत आला. औष्णिक भागात स्थिर आकार किती आणि किती टक्के वापरावर तो काढला, हे बातमीत शोधावं लागलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून 16,000 मेगावॅट दिवसा शेतीला मिळायला लागले की दुपारी कोळशाचे संच खाली आणावेच लागतील. मग नव्या संचांचा वापर कमी होईल आणि वर दिलेला 90-45-30 चा हिशेब पुन्हा सुरू होईल.

सौरवाल्यांनीही फार खूश होऊ नये. सूर्य मावळल्यावरची वीज साठवणुकीतून यायची आहे आणि बॅटरी, पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून साठवायचं आणि हवं तेव्हा त्यावर वीज काढायची) यांचे करार परत सज्जतेच्या पैशावर होतात : दर मेगावॅटमागे ठरलेली रक्कम, वापरा न वापरा. ते आवश्यक आहे, मी त्याच्या विरोधात नाही. कोयनेचं पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधलेलं आहे, घाटघरचं उदंचन केंद्र जेमतेम 250 मेगावॅटचं, आणि राज्याची कमाल मागणी 30 हजार मेगावॅटच्या घरात गेली आहे. साठवण लागणारच. पण किती लागणार हा अंदाज कोण करतंय, आणि तो चुकला तर?

दाभोळच्या संचांचंही याच चौकटीत बघायला हवं. दिवसरात्र चालणारं केंद्र म्हणून ते 1993 मध्येही चुकीचं होतं. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर एलएनजीचे भाव आशियात कित्येक पटींनी चढले, तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झालं. मात्र उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तीन-चार तास चालवायला, कर्जाचा बराच भाग आधीच सोसून झालेलं केंद्र नव्या कोळसा संचापेक्षा स्वस्त पडू शकतं. त्यासाठी वर्षातले ठरावीक तास, रुपयातला मर्यादित स्थिर आकार आणि गॅसच्या भावाला कमाल मर्यादा असा करार लागेल. जागतिक बँकेचा 1993 चा आक्षेप उलटा करून वाचला तर त्यात हेच दिसतं.

एक फरक नक्की पडला आहे. 1993 चा करार गोपनीय होता. आज वीजखरेदीची याचिका आयोगापुढे येते आणि हरकती मागवल्या जातात. हरकत घेणाऱ्याने दराच्या सरासरीवर वेळ घालवू नये. गृहीत धरलेला वापर किती टक्के, तो निम्म्यावर आला तर युनिट कितीला पडेल, इंधनाच्या भावाचा किती हिस्सा विक्रेता सोसणार आणि पाच वर्षांनी क्षमता कमी करून घ्यायचं कलम आहे का, एवढं लेखी मागावं.